तीन नंबर आणि राहिलेले आभार

माझ्या आठ महिन्यांच्या कामाला सगळ्यात आधी कोण हसलं असेल, तर झेरॉक्सच्या दुकानात माझ्या मागे उभा असलेला एक अनोळखी माणूस. आणि हसला म्हणजे गालातल्या गालात वगैरे नाही... चांगला खळखळून हसला.

मी वळून बघितलं. हातात कागदांची चळत, खिशाला दोन पेनं, दोन दिवसांची दाढी, आणि डोळे माझ्या आलेखावर. दुकानदार तो आलेख मोठ्या कागदावर छापत होता. मशीनमधून तो इंचाइंचाने बाहेर येत होता, वर उन्हाच्या विजेचा पिवळा पट्टा, मध्ये पाण्याच्या विजेचा निळा, आणि तळाशी कोळशाचे करडे पट्टे.

"हसायला काय झालं?" मी विचारलं.

"हे कोणी काढलंय?"

"मी."

"अच्छा..." त्याने हसू आवरायचा प्रयत्न केला, पण ते काही त्याला जमलं नाही. "हा करडा पट्टा, त्यावर बारीक अक्षरात लिहिलंय तो. तीन नंबरचं युनिट. हे रोज दुपारी बाराला झोपतं आणि संध्याकाळी सहाला ताजंतवानं होऊन उठतं. आठवड्यातून सात वेळा."

"मग?"

"मग काही नाही. मी त्याच तीन नंबरवर पाळी अभियंता आहे, नऊ वर्षं झाली. दुपारी ते झोपलंही नाही, आणि त्याने मलाही झोपू दिलं नाही."

माझे कान तापले. हा आकडा त्यांच्याच केंद्राच्या कागदपत्रांतून घेतलाय, असं मी जरा चढ्या आवाजातच सांगितलं. त्यावर तो म्हणाला की कागदाचं बरं असतं, त्याला बॉयलर तापवावा लागत नाही. मग त्याचा नंबर आला, त्याने आपल्या प्रती काढून घेतल्या, दुकानदाराशी दोन शब्द बोलला आणि गेला. मी आलेखाची गुंडाळी करून त्यावर रबर चढवलं, ते रागाने इतकं ताणलं की तुटलं.

मी काय काम करते हे माझ्या मावशीला अजून समजलेलं नाही, म्हणून इथे सोपं करून सांगते. आमच्या छोट्याशा संस्थेत एका संगणकात अख्ख्या प्रदेशाचं वीजक्षेत्र मांडून ठेवलंय. प्रत्येक वीज केंद्र, प्रत्येक तासाची मागणी, ऊन किती, वारा किती, सगळं. त्याला म्हणतात मॉडेल. त्याला आपण एक अट घालायची, की वर्षभरात धूर इतकाच, याच्या वर नाही. आणि विचारायचं की बाबा रे, कोणाच्या घरचे दिवे न घालवता ही अट पाळायची तर कोणतं केंद्र कधी चालवायचं आणि कोणतं कधी कायमचं बंद करायचं? ते दोन तास चाळीस मिनिटं विचार करतं आणि उत्तर देतं. त्या उत्तरांचा अहवाल बारा दिवसांनी पर्यावरणाच्या समितीपुढे जायचा होता. माझ्या नावाने जाणारा तो पहिलाच अहवाल.

त्या अहवालात तीन नंबरला आणखी चौदा वर्षं मिळाली होती. युनिट जुनं, पण चपळ. दुपारी ऊन भरपूर असतं तेव्हा ते बंद राहील, आणि ऊन उतरलं की चटकन सुरू होईल. असं मॉडेल म्हणत होतं, मी लिहिलं होतं, आणि आमच्या प्रमुख बाईंनी मंजूरही केलं होतं. या बाईंना आम्ही पाठीमागे दशांशबाई म्हणायचो, कारण आकड्यानंतर दोन दशांश दिसले नाहीत तर त्या पान परत पाठवायच्या. त्यांनी मंजूर केलेल्या गोष्टीत चूक निघणं म्हणजे... नकोच तो विचार.

घरी मी बाबांपुढे त्या माणसाच्या नावाने बोटं मोडली. बाबा शिंपी आहेत. कापडावर खडूने रेघ ओढत त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "माप कशावरून घेतलंस?"

"त्यांच्या चाचणीच्या पुस्तकावरून."

"किती जुनं?"

 पुस्तक अडतीस वर्षांपूर्वीचं होतं. युनिट नवंकोरं असताना, सकाळी बंद करून त्याच दिवशी गरम असतानाच परत सुरू केलं तेव्हा दोन तास लागले, असं त्यात एका बारीक तळटीपेत लिहिलेलं होतं. मी दोन तास उचलले होते आणि तळटीप सोडून दिली होती.

"म्हणजे लहानपणचा सदरा बघून म्हाताऱ्याची पँट शिवलीस," बाबा म्हणाले. "माप अंगावरून घ्यायचं. उठ, जा त्याच्याकडे."

जायचं कुठे? मला ना त्याचं नाव माहीत, ना पत्ता. दुसऱ्या दिवशी उगीचच परत झेरॉक्सच्या दुकानात गेले. दुकानदाराने मला बघताच खणातून एक कागद काढला. "ताई, काल ते हसत होते ना, त्यांचा हा मशीनमध्ये राहिला. तुम्ही ओळखता ना त्यांना?"

मी कशाला ओळखते, असं म्हणणार होते. तोंडातून मात्र निघालं, "हो."

एका वयस्क बाईंच्या छातीच्या तपासणीचा अहवाल होता तो. वर फोन नंबर. मी कागद नीट प्लॅस्टिकच्या पाकिटात घातला आणि फोन लावला. तिकडून एक खणखणीत आवाज आला, मध्येच खोकत.

"कोण बोलतंय?"

"मी... परवा, नाही, काल झेरॉक्सच्या दुकानात—"

"आलेखवाली?" आवाज एकदम खुलला. "तीन नंबरला दुपारी झोपवणारी तूच का गं?"

म्हणजे त्याने घरी जाऊन सांगितलं होतं. माझा खरं तर संताप व्हायला हवा होता. पण आपण कोणाच्या तरी घरी जेवताना निघालेला विषय झालो, हे मला फार काही वाईट वाटलं नाही. तेवढ्यात तो फोनवर आला. मी म्हटलं, तुमचा कागद माझ्याकडे आहे.

"आणि माझा आकडा तुमच्याकडे नाही," तो म्हणाला. "देवाणघेवाण करायची का?"

मी केंद्राच्या प्रमुखांना रीतसर पत्र पाठवलं. तीन दिवस दफ्तरखान्यात बसून जुनी रजिस्टरं बघायची परवानगी मिळाली. निळ्या कापडी बांधणीची रजिस्टरं, कपाटांवर बोटभर धूळ, आणि एकच पंखा, तोही कपाटाकडे तोंड करून. तो सकाळची पाळी संपवून दुपारी यायचा. कागद मी पहिल्याच दिवशी त्याच्या हातात ठेवला. त्याने अगदी गंभीर चेहऱ्याने घेतला आणि घडी करून खिशात टाकला. मग तो रजिस्टर वाचायचा आणि मी टंकायची. पहिली ज्योत कधी पेटली, कोळसा कधी घातला, वीज तारांवर कधी गेली. सुरू व्हायला अकरा तास. नऊ तास. तेरा तास. कोणाचं अक्षर कसं, कोण नोंदीत भाजीची यादी लिहून गेलंय, हेही तो वाचून दाखवायचा.

"ही सव्वीस तासांची... ही माझी," एका पानावर तो थांबला. "माझी पहिली. झडप अडकली होती. घरी जाऊन जेवायला बसलो आणि ताटावरच झोपलो. आई सांगते, भात गालाला लागला होता."

मी हसले. त्याने वर पाहिलं आणि जरा जास्तच वेळ पाहत राहिला. मग घाईघाईने पुढचं पान उलटलं, आणि एकाच्या जागी दोन उलटली.

त्या तीन दुपारी मी जे शिकले ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. संध्याकाळी तीन नंबर हवं असेल तर ते दिवसभर तापलेलं ठेवावं लागतं. साठ टक्क्यांच्या खाली आणलं तर ज्योत डळमळते, मग तेल ओता. म्हणजे भर दुपारी उन्हाची वीज वाया जात असतानाही तिथे कोळसा जळतच राहणार. आणि बंद करणं हेही नुसतं बटण दाबणं नसतं.

"आतला रोटर, तो फिरणारा अवजड दांडा, तापलेला असतो," तो म्हणाला. "एकदम थांबवला तर स्वतःच्याच वजनाने वाकतो. म्हणून छोटी मोटर लावून त्याला हळूहळू फिरवत ठेवायचं. दीड दिवस, दोन दिवस. निवेपर्यंत."

"माझ्या मॉडेलमध्ये बंद म्हणजे शून्य."

"माझ्याकडे बंद म्हणजे दोन दिवस सोबत."

तिसऱ्या दिवशी निघताना मी म्हटलं, अहवालाच्या पहिल्या पानावर तुमचे आभार मानणार आहे. त्याने मान हलवली. रजिस्टरं मी वाचून दाखवली हे छापून आलं तर कँटीनमध्ये मला कोणी चहा देणार नाही, म्हणाला. मानायचेच तर तोंडी मानावेत.

"मग मानते, तुमचे—"

"आत्ता नको." तो दारात थांबला. "आधी आकडे टाकून बघा काय येतं. मग वाटलं तर माना."

मला ते नुसतं लाडिक बोलणं वाटलं. मी आपली बसमध्ये खिडकीला डोकं टेकून हसत घरी आले.

दुसऱ्या दिवशी आकडे टाकले. दोन तास चाळीस मिनिटांत मी तीन कप चहा प्यायले आणि शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीचं डोकं खाल्लं. उत्तर आलं. तीन नंबर चौदाव्या वर्षी नाही, पुढच्याच वर्षाच्या अखेरीला बंद. इतका धूर करून इतकी कमी वीज देणारं युनिट मॉडेलला परवडत नव्हतं. मी काहीतरी चुकलं असेल म्हणून पुन्हा चालवलं. पुन्हा तेच आलं.

त्या केंद्रातली एक आणि दोन नंबरची युनिटं आधीच बंद झाली होती. तीन नंबर गेलं की केंद्रच गेलं. चारशे बारा माणसं, आणि त्यातला एक तो. ज्याने धुळीत बसून, भात गालाला लावून घेऊन, मला हे आकडे दिले होते... त्याचीच नोकरी मी त्या आकड्यांनी खाणार होते.

खोटं कशाला बोलू, जुना आकडा परत टाकायचं माझ्या मनात आलं. कोणाला कळलं नसतं. दशांशबाईंनी मंजूर केलेला अहवाल तयारच होता. एक अख्खा दिवस मी तो आकडा बदलत होते आणि परत बदलत होते. त्याचे दोन फोन आले, तेही मी उचलले नाहीत. मग मात्र मला माझीच लाज वाटली. जे सांगायचं ते तोंडावर सांगावं म्हणून मी रविवारी सकाळी त्याच्या वसाहतीत गेले.

त्याची आई अंगणात उभी होती. पायाशी ओल्या चादरींची बादली, आणि नजर वर चिमणीकडे. धूर कुठे चाललाय ते बघून त्या कपडे वाळत घालतात, हे मला तेव्हा कळलं. वारा घराकडे असला की चादरी घरातच, खुर्च्यांवर. नाहीतर संध्याकाळपर्यंत पांढरी चादर करडी होते.

"ये गं आलेखवाली," त्या म्हणाल्या आणि खोकल्या. मी कागद मिळाला ना विचारलं तर त्या गोंधळल्या. त्यांचे सगळे कागद एका पिशवीत असतात आणि त्यातला एकही कधी हललेला नाही, असं त्यांनी ठासून सांगितलं. मला तेव्हा ते लक्षात घ्यायचं भान नव्हतं.

तो बाहेर आला. मी पाठ केलेलं सगळं विसरले. "उत्तर आलं," एवढंच म्हणाले. "तीन नंबर... पुढच्या वर्षी."

त्याने बादलीतली चादर उचलली, पिळली, झटकली. "पुढच्या वर्षाअखेर ना? मला वाटलं होतं, त्याच्याही आधी येईल."

"तुम्हाला माहीत होतं?"

"त्या दुकानातच कळलं. तो पट्टा तेवढ्या खोट्या आकड्यावर जगत होता. नऊ वर्षं त्याच्याबरोबर काढलीत, तेवढं मला दिसतं."

"मग सांगितलंत कशाला? गप्प बसला असतात तर चौदा वर्षं—"

"चौदा वर्षं आई बादली घेऊन वर बघत बसली असती," त्याने आईकडे मान वळवली. मग आवाज खाली आणला. "आणि तो आलेख तू इतक्या प्रेमाने छापून घेत होतीस. चुकीचा घेऊन समितीपुढे गेली असतीस, तर पुढच्या वर्षी संध्याकाळी वीज कमी पडल्यावर सगळे तुझ्याकडे बघून हसले असते. म्हटलं, त्यापेक्षा मी एकटाच हसतो."

तो मला तू म्हणाला होता. आपण तू म्हणालो हे त्यालाही बहुधा नंतर कळलं, कारण त्याने चादरीचं दुसरं टोक शोधायला फार वेळ लावला. मी ते टोक धरलं. आम्ही दोघांनी मिळून चादर दोरीवर टाकली. माझे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला चादर बरी पडली. इतक्या स्वच्छ मनाचा माणूस मी तोवर बघितला नव्हता.

"आता तरी आभार मानू?" मी चादरीच्या अलीकडून विचारलं.

"मान ना."

पण मी ते मानले नाहीत, बादलीतली पुढची चादर उचलली.

सोमवारी मी दशांशबाईंना चूक सांगितली. तळटीप, अडतीस वर्षं, सगळं. त्यांनी ती तळटीप दोनदा वाचली. मग म्हणाल्या, समितीच्या आधी कळलं हे नशीब. आणि चष्मा काढून विचारलं की तिथे माणसं किती आहेत, नेमका आकडा हवा. मी म्हटलं, चारशे बारा, आणि मॅडम, याच्यापुढे दशांश नाहीत. त्या हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघितलं.

आमच्या मॉडेलमध्ये माणसांसाठी एकही ओळ नव्हती. उरलेल्या चार दिवसांत आम्ही त्यांच्यासाठी एक प्रकरण लिहिलं. तीन नंबरच्या आवारात तारा, खांब, रोहित्रं सगळं आधीच उभं होतं. दुपारची उन्हाची वीज साठवून संध्याकाळी देणाऱ्या मोठ्या बॅटऱ्या तिथेच बसवल्या तर नव्या तारा ओढाव्या लागत नव्हत्या. मॉडेलला विचारलं, तर तेही हो म्हणालं. शिकवणं आधी, बंद करणं नंतर, असं आम्ही ठळक अक्षरात लिहिलं. समितीने बरीच घासाघीस केली, पण ते मान्य झालं. सगळ्यांना काम मिळालं असं म्हणणार नाही. कोणी लवकर निवृत्त झाले, काही गाव सोडून गेले. पण पुष्कळसे राहिले, आणि त्यात तो होता.

ते दीड वर्ष माझ्या आयुष्यातलं फार गोड होतं. बॅटऱ्यांच्या अभ्यासवर्गाला तो शहरात यायचा आणि वर्ग सुटला की आमच्या संस्थेच्या पायरीवर बसलेला असायचा. बाबा विचारायचे, तो पाळीवाला आला नाही का आज? एकदा बसथांब्यावर भुरभुर पाऊस सुरू झाला, तर त्याने आपली वही माझ्या डोक्यावर धरली. बॅटऱ्यांचे सगळे धडे भिजले. आणि दर वेळी निघताना त्याचं एकच वाक्य असायचं, "माझे आभार राहिलेत." दर वेळी मी म्हणायची, "पुढच्या वेळी."

तीन नंबर बंद व्हायच्या दिवशी सकाळी त्याने मला नियंत्रण कक्षात बोलावलं. वीसेक माणसं भिंतीला टेकून उभी होती. निवृत्त झालेलेही आले होते, इस्त्रीचे शर्ट घालून. त्याने टप्प्याटप्प्याने वीज उतरवली, साठ टक्के, चाळीस, वीस, आणि मग तारांपासून युनिट तोडलं. काटा शून्यावर आला.  एका म्हाताऱ्या फोरमननी पुढे होऊन टेबलावरून हात फिरवला आणि ते बाहेर गेले.

मग तो मला खाली रोटरपाशी घेऊन गेला. एवढं मोठं धूड, पण छोट्या मोटरवर शांतपणे, सावकाश फिरत होतं. हे पुन्हा कधी सुरू होणार नव्हतं, तरी त्याला वाकू द्यायचं नव्हतं. नीट निवू द्यायचं, म्हणाला तो. इतकी वर्षं राबलंय.

"आता मानते," मी म्हटलं.

"काय?"

"आभार. इतके दिवस मुद्दाम नाही मानले. आभार मानले की माणूस म्हणतो, बरं, येतो मग... आणि जातो. तू तसं म्हणू नयेस असं वाटायचं."

 मोटरचा आवाज येत होता.

"तू हसलास, म्हणून आभार," मी म्हणाले. "स्वतःचं नुकसान दिसत असताना मला खरा आकडा वाचून दाखवलास, त्याबद्दल. मी फोन उचलला नाही तरी रागावला नाहीस, त्याबद्दल. आणि तो कागद मशीनमध्ये विसरलास त्याबद्दल तर फारच."

"तो विसरलो नव्हतो."

"म्हणजे?"

"झेरॉक्सच होती ती. मूळ कागद आईच्या पिशवीत आहे. दुकानदाराला सांगून ठेवलं होतं, आलेखवाली परत येईल, तिला दे." तो खाली बघून हसला. "आलीच नसतीस तर... रोज एकेक कागद विसरायची तयारी होती माझी."

आणि मी ते पान प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून जपत नेलं होतं. मला हसू आलं आणि रडूही, आणि त्या गडबडीत मी सरळ सांगून टाकलं की मला तू आवडतोस, फार आवडतोस, आणि तू भेटलास याबद्दल कोणाकोणाचे आभार मानू ते मला कळत नाही.

त्याने माझा हात धरला. हाताला तेलाचा वास होता.

"बरं," तो म्हणाला, "येतो मग."

माझा चेहरा उतरलेला त्याने पाहिला आणि मुद्दाम थोडा वेळ जाऊ दिला.

"तुझ्या बाबांकडे. परवा संध्याकाळी, हे निवलं की. लग्नाचा कोट शिवायचाय, म्हटलं माप अंगावरूनच दिलेलं बरं."

बाहेर त्याच्या आईने वर न बघता सगळ्या चादरी वाळत घातल्या होत्या, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी एक खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी बसले. रोटर निवायला अजून दोन दिवस होते.